ऐंशी किलोमीटरचं मॉड्यूल आणि साठ मीटरचं अंगण

पेट पास झालात, गाईड मिळाले, विषयही ठरला. आता पहिलं काम कोणतं? बहुतेक जण लिटरेचर रिव्ह्यू म्हणतील. मी म्हणेन, बॅकअप. या बॅकअपच्या नादात माझ्या फेलोशिपचे पैसे वाया गेले, एक मॉड्यूल मेलं, आणि माझ्याच विषयातली एक गोष्ट मला दोन वर्षं कळलेली नव्हती हे लक्षात आलं. म्हणून आज हा लेख.

माझं एमएस्सी फिजिक्समधलं, पीएचडी तंत्रज्ञानाच्या इतिहासात. त्यामुळे माझा डेटा म्हणजे स्कॅन: जुने अहवाल, नकाशे, तांत्रिक पुस्तिका. सगळे मिळून ४ टेराबाइटच्या आसपास. एक गिगाबिटच्या नेटवर्कवरून प्रत्यक्षात सेकंदाला ११० मेगाबाइटच्या आसपास जातात. भागाकार करून बघा, दहा तास लागतात. आमचं घर शहापूरहून किन्हवलीमार्गे मुरबाडकडे जाताना लागतं. इकडे पावसाळ्यात सलग दहा तास लाइट राहील असं धरून चालता येत नाही. म्हणून मला दहा गिगाबिटचं नेटवर्क हवं होतं. डिस्कचा वेग मध्ये आडवा येतोच. साध्या एसएसडीचा वेग सेकंदाला ५०० मेगाबाइट धरला तरी काम सव्वादोन तासांवर येतं. तेवढी लाइट मिळते.

एक प्रत घरात आणि दुसरी अंगणापलीकडच्या जुन्या गोठ्यात ठेवायची होती. गोठा आता माझी अभ्यासाची खोली आहे. अंतर साठ मीटर. आधी तिथे तांब्याची लॅन केबल टाकली होती. परतीच्या पावसात जवळच वीज पडली आणि केबलच्या दोन्ही टोकांचे पोर्ट जळाले. दोन इमारतींमध्ये तांबं टाकलं की हा धोका राहतोच. काच वीज वाहून नेत नाही, म्हणून फायबर घ्यायचं ठरवलं. (फायबरच्या ड्रॉप केबलमध्ये आधारासाठी बऱ्याचदा लोखंडी तार असते. ती नसलेली केबल मागा, नाहीतर मूळ हेतूच गेला.)

फायबरच्या दोन्ही टोकांना ट्रान्सीव्हर मॉड्यूल लागतं. विजेच्या सिग्नलचा प्रकाश आणि प्रकाशाचा पुन्हा सिग्नल करणारी ही बोटाएवढी डबी स्विचच्या खाचेत बसते. जुन्या मालात मला दोन मॉड्यूल स्वस्तात मिळाले. लेबलवर लिहिलं होतं ‘८० किमी’. मनात म्हटलं, ऐंशी किलोमीटर जाणारं साठ मीटर तर हसत जाईल! जोडलं. लिंक लागली नाही. थोड्या वेळाने एका मॉड्यूलचा रिसीव्हर कायमचा गेला.

का गेला, याचं उत्तर इतिहासात आहे.

१९६६ मध्ये चार्ल्स काव आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी एक शोधनिबंध लिहिला. त्या काळच्या काचेतून प्रकाश किलोमीटरमागे हजार डेसिबलच्या घरात क्षीण व्हायचा. दोघांचं म्हणणं असं होतं की दोष काचेचा नाही, तिच्यातल्या अशुद्धीचा आहे. हा क्षय किलोमीटरमागे २० डेसिबलपर्यंत खाली आणला तर टेलिफोनसाठी काच वापरता येईल. २० डेसिबल म्हणजे शंभरातला एक भाग उरणं. १९७० मध्ये कॉर्निंग कंपनीने १७ डेसिबलचं फायबर करून दाखवलं. कावना २००९ मध्ये नोबेल मिळालं.

आपल्याकडे स्थानिक जंक्शनसाठी, म्हणजे एका शहरातली टेलिफोन एक्सचेंज एकमेकांना जोडण्यासाठी, पहिली ऑप्टिकल फायबर यंत्रणा १९७९ मध्ये सुरू झाली, आणि ती पुण्यात. कॉर्निंगच्या प्रयोगानंतर नऊ वर्षांत! त्या पिढीच्या यंत्रणांमध्ये प्रकाश पाठवणारं, घेणारं आणि मधलं फायबर हे सगळं एका ठरलेल्या अंतरासाठी एकत्रच आखलेलं असायचं. सुटा भाग बाजारातून आणून लावायचा प्रश्नच नव्हता.

आजच्या चांगल्या फायबरमध्ये १५५० नॅनोमीटरच्या प्रकाशाचा क्षय किलोमीटरमागे ०.२ ते ०.२५ डेसिबल आहे. म्हणजे ऐंशी किलोमीटरला १६ ते २० डेसिबल. काव यांनी एका किलोमीटरनंतर जितका प्रकाश उरावा असं म्हटलं होतं, जवळजवळ तितकाच आज ऐंशी किलोमीटरनंतर उरतो. माझ्या मॉड्यूलचा रिसीव्हर त्या उरलेल्या शंभराव्या भागासाठी बनवलेला होता. त्याची सहनशक्ती उणे ७ डीबीएमच्या आसपास. समोरचा लेझर देत होता अधिक २ डीबीएमच्या आसपास. साठ मीटरात क्षय जवळजवळ शून्य, त्यामुळे त्याच्यावर झेपेल त्याच्या आठपट प्रकाश पडत होता. कुजबुज ऐकायला बसलेल्याच्या कानात मी ताशा वाजवला होता. ‘८० किमी’ हा आकडा त्या मॉड्यूलचं काम सांगत होता आणि मी तो ताकद म्हणून वाचला.

आता दुसरा धडा. नवीन मॉड्यूल आणले, तर स्विच म्हणाला, हे चालणार नाही. स्विच एका कंपनीचा, मॉड्यूल दुसऱ्या कंपनीचं. खाच तीच, आकार तोच, मग नकार कसला?

१९९० च्या दशकात जीबीआयसी नावाचं बदलता येणारं मॉड्यूल आलं. ते मोठं होतं. स्विचवर जास्त पोर्ट बसावेत म्हणून एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या उत्पादकांनी सप्टेंबर २००० मध्ये लहान मॉड्यूलसाठी बहुउत्पादक करार केला. त्यातून एसएफपी आलं. २००६ मध्ये त्याच बाह्य आकारात दहा गिगाबिटचं एसएफपी प्लस आलं. करारात डबीची मापं, पिनांचा क्रम आणि २५६ बाइटची एक छोटी स्मृती ठरली. मॉड्यूल स्वतःची ओळख त्या स्मृतीत ठेवतं: २० ते ३५ क्रमांकाच्या बाइटमध्ये उत्पादकाचं नाव, पुढे पार्ट नंबर, तरंगलांबी, सिरियल नंबर. ते नाव वाचून स्विचने काय करायचं, ते मात्र स्विच बनवणाऱ्याच्या हातात राहिलं. त्यामुळे काही स्विच अनोळखी नाव दिसलं की पोर्ट बंद करतात. मॉड्यूल चांगलंच असतं, फक्त त्या सोळा अक्षरांत ओळखीचं नाव नसतं. म्हणून घेताना ‘कोणत्या स्विचसाठी कोड केलेलं आहे?’ हे विचाराच. दोन टोकांना दोन वेगळ्या कंपन्यांचे स्विच असतील तर दोन वेगळ्या कोडिंगचे मॉड्यूल घ्या. प्रकाशाला नाव कळत नाही, ते एकमेकांशी नीट बोलतात.

तिसरी गोष्ट गावातच आहे. ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्राने ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याच्या योजनेला मंजुरी दिली. २०१५ पासून तिला भारतनेट म्हणतात. त्यात वापरलेल्या जीपॉन तंत्रात एकाच काचेच्या धाग्यावरून येणारा डेटा १४९० नॅनोमीटरवर आणि जाणारा १३१० वर चालतो. घरगुती फायबर इंटरनेटमध्येही बहुधा हेच तंत्र असतं. याच कल्पनेचे ‘बायडाय’ मॉड्यूल घरासाठी मिळतात. दहा गिगाबिटला एक १२७० वर पाठवतं आणि १३३० वर ऐकतं, दुसरं त्याच्या उलट. त्यांची जोडीच घ्यावी लागते. दोन सारखे आणलेत तर दोघंही एकाच तरंगलांबीवर बोलणार आणि ऐकणार कुणीच नाही. मी शेवटी हीच जोडी घेतली, १० किमीवाली. या वर्गातल्या मॉड्यूलचा लेझर सौम्य असतो आणि रिसीव्हर त्याचा पूर्ण प्रकाश सोसतो, तरी डेटाशीट बघूनच घ्या. केबल सिंगल मोड निवडली, कारण गावात इंटरनेटच्या जोडण्या करणाऱ्यांकडे तीच असते आणि ती जोडायचं स्प्लायसिंग मशीनही त्यांच्याकडेच असतं. एकच बघा, त्यांच्याकडचं हिरवं कनेक्टर तिरकं घासलेलं असतं आणि मॉड्यूलला निळं, सरळ लागतं. हिरवं निळ्यात घालू नका.

तर खरेदीआधी चार प्रश्न: वेग किती? फायबर कोणतं, सिंगल मोड की मल्टिमोड? अंतर किती, आणि त्या अंतरावर रिसीव्हरपर्यंत किती डीबीएम पोहोचणार? स्विच कोणतं नाव मागतो? तांब्याच्या लॅन केबलसाठीही एसएफपी प्लस मॉड्यूल मिळतं, पण त्याची हमी बहुधा ३० मीटरचीच असते आणि ते अडीच वॉटपर्यंत वीज खातं. खाच मात्र दीड वॉटच्या हिशोबाने आखलेली. आमच्याकडच्या मे महिन्यात त्याला हात लावून बघा!

हे सगळं मी माझ्या विषयातलं म्हणून शिकायला हवं होतं. मानकं कशी घडतात यावर दोन वर्षं वाचत होते, पण करारावर लिहिलेली पुस्तकं आणि लेखच वाचत होते. प्रत्यक्ष करार कधी उघडला नव्हता. तो थोड्याच पानांचा आहे आणि फुकट मिळतो. मॉड्यूल मेल्यावर एका संध्याकाळी वाचून झाला. माझ्या सिनॉप्सिसमध्ये ‘एसएफपीमुळे पूर्ण सुसंगतता आली’ असं एक वाक्य होतं. दुसऱ्या दिवशी गाईडना फोन केला आणि म्हटलं, सर, ते वाक्य चुकलंय, बदलते. ते म्हणाले, आता खरं प्रकरण सुरू झालं.

तुमच्या विषयातही असा एखादा मूळ कागद असेल, ज्याचा संदर्भ सगळे देतात आणि जो उघडत कुणी नाही. या आठवड्यात तो उघडा. आणि हो, त्याआधी बॅकअप घ्या. माझा परवा रात्री पूर्ण झाला, दोन तास वीस मिनिटांत. त्यानंतर लाइट गेली.