समिति नेमल्यानंतर

परिषद भरते, अध्यक्षांचें भाषण होतें, ठराव टाळ्यांच्या गजरांत मंजूर होतात, एक समिति नेमली जाते आणि मंडळी आपापल्या गाडीस लागतात. समिति नेमली जाण्यापर्यंतची हकीकत अहवालांत सविस्तर असते; पुढची क्वचितच. अशा दोन-तीन समित्यांचें सभासदत्व आम्हीं स्वतः भूषविलें आहे, तेव्हां हें आम्ही थोड्याशा अधिकारानें लिहितों.

1853 च्या सप्टेंबरांत न्यूयॉर्क येथें अमेरिकेंतील ग्रंथपालांची पहिली परिषद भरली. ऐंशींवर गृहस्थ जमले. अध्यक्ष चार्ल्स ज्यूएट हे वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संस्थेचे ग्रंथपाल. मोठा कल्पक मनुष्य. प्रत्येक पुस्तकाच्या नोंदीचा निराळा ठसा ओतून ठेवावा, म्हणजे तेच ठसे हवे तसे जुळवून कोणत्याही ग्रंथालयाची यादी थोडक्या खर्चांत छापतां येईल आणि अखेर साऱ्या राष्ट्राच्या ग्रंथांची एक यादी सिद्ध होईल, अशी त्यांची योजना होती. परिषदेनें तिची वाखाणणी केली; कायमची संस्था काढण्याचें व पुन्हां भेटण्याचेंहि ठरलें. ती भेट तेवीस वर्षें झाली नाहीं! संस्थेचा पैसा ग्रंथसंग्रहावर खर्चावा कीं शास्त्रीय संशोधनावर, या वादांत ज्यूएट यांची जागा गेली आणि त्यांच्याबरोबर परिषदेचा कर्ताच गेला. पुढें यादवी युद्ध आलें. ज्यूएट बॉस्टनच्या सार्वजनिक ग्रंथालयाचे प्रमुख झाले व 1868 त वारले.

त्यांच्या जागीं बॉस्टनला जस्टिन विन्सर आले. 1876 च्या ऑक्टोबरांत, अमेरिकन स्वातंत्र्याच्या शताब्दीचें प्रदर्शन चालूं असतां, फिलाडेल्फियास दुसरी परिषद भरली, तिचे अध्यक्ष हेच विन्सर. हजर एकशेंतीन; पैकीं तेरा स्त्रिया. चिटणीस मेल्विल ड्यूई याचें वय अवघें चोवीस, आणि त्याची दशांश वर्गीकरणाची पुस्तिका त्याच वर्षीं निघालेली. 'अमेरिकन लायब्ररी असोसिएशन' येथेंच स्थापन झाली व सभासदांच्या वहींत ड्यूईनें पहिलें नांव आपलें लिहिलें. तरुणांस एवढा आगाऊपणा शोभतो. विन्सर पुढें नऊ वर्षें अध्यक्ष राहिले.

पण आमचें लक्ष वेधतो तो या सभेंतला एक चोपन्न वर्षांचा गृहस्थ, शिकागोचे ग्रंथपाल विल्यम फ्रेडरिक पूल. येल येथें विद्यार्थी असतां ते तेथील एका विद्यार्थिमंडळाचें ग्रंथालय सांभाळीत. वादसभेचा विषय ठरला कीं मुलें साहित्य मागत येत. इकडे मासिकांचे जुने खंड कपाटांत न उघडतां पडलेले. कोणत्या विषयावर कोठें काय आलें आहे, याची पूल यांनीं एक सूची केली. ती 1848 त छापली, तेव्हां 154 पृष्ठांची होती. 1853 च्या आवृत्तीचीं पृष्ठें पांचशेंवर गेलीं. त्यानंतर मासिकें वाढतच राहिलीं आणि पूल यांचीं कामेंहि. एका हातानें आतां ही सूची पुरी होणें नाहीं, हें त्यांनीं ओळखलें होतें.

फिलाडेल्फियास हा प्रश्न निघाला आणि समिति नेमली गेली: विन्सर, पूल आणि बॉस्टन अथेनियमचे ग्रंथपाल चार्ल्स कटर. आतां वाचक म्हणतील, झालें! परंतु येथें पूल यांनीं काम वाटून दिलें. एकेका ग्रंथालयानें एकेक-दोन मासिकें पत्करावींत, ठरल्या नियमांनीं नोंदी कराव्यात आणि त्या पाठवाव्यात; जुळवाजुळव व संपादन पूल आणि हार्टफर्डचे फ्लेचर यांनीं करावें. मोबदला कोणास नाहीं. पुढच्याच वर्षीं, 1877 त, लंडन येथें अशीच परिषद भरली व तेथील मंडळींचेंहि सहकार्य मागण्यांत आलें. सुमारें पन्नास ग्रंथालयें या कामांत गुंतलीं. एखाद्या जुन्या मासिकाचे चाळीस खंड पान-पान चाळणाऱ्या त्या दूरच्या गांवच्या कारकुनांचा विचार आला कीं आम्हांस अध्यक्षीय भाषणांचें फारसें कौतुक उरत नाहीं. नियमहि सोपे नव्हते: लेखाचें शीर्षक फसवें असलें तर विषय कोणता धरावा? कवितेचें काय करावें? निनांवी लेखाचा कर्ता कसा शोधावा? इंग्लंडांतील जुन्या त्रैमासिकांत तर बहुतेक सारेच लेख निनांवी.

सहा वर्षांनीं, 1882 त, ग्रंथ बाहेर पडला. पृष्ठें चौदाशेंवर, दोनशेंवर नियतकालिकें. आपल्याकडे शंकर गणेश दाते यांनीं 1800 ते 1937 पर्यंतच्या मराठी पुस्तकांची सूची केली, तिची आठवण येथें होतेच. तिच्यामागें मुख्यतः एका माणसाचे श्रम होते, पन्नास ग्रंथालयांचे नव्हेत, हा मात्र फरक.

पूल 1885 त संस्थेचे अध्यक्ष झाले. पुढें शिकागोच्याच न्यूबेरी ग्रंथालयाची उभारणी त्यांच्याकडे आली व तें काम चालूं असतांच 1894 त ते निवर्तले. सूचीच्या पुरवण्या मात्र निघतच राहिल्या आणि शेवटची 1906 अखेरच्या मासिकांपर्यंत येऊन पोंचली. तीवर फ्लेचर यांचें नांव आहे.