एकच दरवाजा, अनेक बिऱ्हाडे

जुन्या वाड्यांत वाढलेल्या आमच्या वाचकांना एका दरवाजातून अनेक बिऱ्हाडांची ये-जा कशी चालते, हे सांगावयास नको. रात्री दिंडी कोणी लावावयाची, उशिरा येणाऱ्यास आत कोणी घ्यावयाचे, यावरून होणारे वादही त्यांनी ऐकले असतील. संगणकाच्या इतिहासात असाच एक प्रश्न पुष्कळ वर्षे तज्ज्ञांना छळीत होता. तो म्हणजे अनेकांनी मिळून वापरावयाच्या संगणकास टेलिफोनचा मोडेम जोडण्याचा.

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी १९६९ साली युनिक्स या प्रणालीचा पाया घातला. एका यंत्रावर अनेकांनी एकाच वेळी काम करावे, हे तिचे वैशिष्ट्य ठरले. प्रत्येक तारेच्या टोकाशी ‘गेटी’ नावाचा एक छोटा प्रोग्रॅम देवडीवरील पहारेकऱ्यासारखा बसे. कोणी आले की तो नाव विचारी. ‘लॉगिन’ हा दुसरा प्रोग्रॅम परवलीचा शब्द तपासून त्यास आत सोडी. आणि काम आटोपून माणूस बाहेर पडला की देवडीवर नवा पहारेकरी येई. कार्यालयातील टर्मिनल तारेने कायमचे जोडलेले असे, तेथे ही व्यवस्था सुरळीत चाले. टेलिफोनवरून येणारा पाहुणा मात्र निरोप न घेताच नाहीसा होई. लाइन मध्येच तुटे.

यावर उपाय जोडणीतच होता. आरएस-२३२ या जोडणीत पंचवीस पिना असत. दूरच्या मोडेमचा सूर थांबला, हे संगणकास आठव्या पिनेवरून कळे. संगणकाने मोडेमला फोन ठेवावयास सांगावयाचे, ते विसाव्या पिनेवरून. परंतु केवळ अक्षरांची ने-आण करावयास दुसरी, तिसरी व सातवी एवढ्या तीनच पिना पुरत. त्यामुळे अनेक ठिकाणी तीन तारांचीच केबल बनवीत. काम चालू होई आणि दोष दडून राही.

आमच्या सेवाकाळात एका कार्यालयात हे आम्ही प्रत्यक्ष पाहिले. एका लेखापालाची लाइन अर्ध्यावर तुटली. काही वेळाने दुसऱ्याने फोन लावला, तो थेट त्या लेखापालाच्या खात्यात उतरला. त्यास ना नाव विचारले गेले, ना परवलीचा शब्द. सुदैवाने माणूस सरळ होता, त्याने लगेच कळविले. तथापि त्या आठवड्यातील प्रत्येक नोंद पुन्हा पडताळावी लागली, आणि आपल्या नावावर झालेली नोंद आपलीच, हे सिद्ध करण्याची पाळी त्या निरपराध लेखापालावर आली. चूक निघाली ती केबलमध्ये.

१९८१ साली हेज कंपनीचा ‘स्मार्टमोडेम’ आला. ‘एटी’ या दोन अक्षरांनी आरंभ होणाऱ्या आज्ञा तो समजे व त्यांस उत्तरही देई. त्यातून नवीनच घोटाळा उद्भवला. गेटीने ‘लॉगिन’ असे विचारावे, मोडेमने तीच अक्षरे परत पाठवावीत, गेटीने ती कोणा व्यक्तीचे नाव समजून परवलीचा शब्द मागावा, आणि मोडेमने तेही परत पाठवावे! दाराशी कोणी नसता हा संवाद रात्रभर चाले आणि यंत्र मंदावे. मोडेमने प्रतिध्वनी व उत्तरे बंद ठेवावीत, अशी आज्ञा आधीच देऊन ठेवणे, हा त्यावरील इलाज.

याहून बिकट प्रश्न जाण्या-येण्याचा. माइक लेस्क यांनी बेल प्रयोगशाळेत रचलेली ‘यूयूसीपी’ ही व्यवस्था १९७९ च्या सातव्या युनिक्स आवृत्तीबरोबर सर्वत्र गेली. तिच्यामुळे एक संगणक दुसऱ्यास फोन करून पत्रे पोहोचवू लागला. पण पहारेकरी पाहुण्याची वाट पाहत ज्या दारात बसलेला, त्याच दारातून टपालवाल्याने बाहेर कसे पडावे? काही प्रणालींनी एकाच तारेला दोन नावे दिली, एक येण्याचे व एक जाण्याचे. इतरांनी ‘दार वापरात आहे’ अशी कुलूप-नोंद ठेवण्याची रीत पाडली. टपालवाला मध्येच कोसळला तर कुलूप तसेच राही आणि व्यवस्थापकास ते हाताने काढावे लागे.

आपल्याकडे १९८६ साली अर्नेट प्रकल्प सुरू झाला. त्यातील पहिला डायल-अप दुवा १९८७ साली मुंबईतच, राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र आणि पवईची आयआयटी यांच्यात, ई-मेलसाठी जोडला गेला. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेट सर्वसामान्यांस खुले केले, तेव्हा ‘शेल’ खाते घेणारा विद्यार्थी फोन लावून निगमाच्या युनिक्स यंत्रावरच उतरे. त्याच्याही स्वागतास तोच जुना पहारेकरी होता.

मोडेमचा तो कर्कश सूर आता ऐकू येत नाही. परंतु बँकेचे संकेतस्थळ काही मिनिटे आपण गप्प बसलो की आपणास बाहेर काढते, तेव्हा पुष्कळांस राग येतो. आम्हांस मात्र तो लेखापाल आठवतो. आत येणाऱ्याची ओळख पटविणे सर्वांस सुचते. गेलेल्याच्या मागे दार लावून घेण्याची काळजी ज्या अनामिक व्यवस्थापकांनी केबलीतील एकेक तार तपासून वाहिली, त्यांचे ऋण या इतिहासात नोंदविले पाहिजे.