पानशेत १९६१: पोत्यांच्या भिंतीने मिळवून दिलेले तास

पुण्याच्या पुराचा इतिहास समजून घ्यायचा, तर नकाशा मुळशीपासून उलगडावा लागतो. मुळा आणि मुठा या दोन्ही नद्या याच तालुक्यातल्या सह्याद्रीत उगम पावतात. मुळेवरच्या धरणाविरुद्ध १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह सुरू झाला आणि त्याच लढ्याने पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' केले. ती कथा आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. आजचा धागा शेजारच्या मुठेच्या खोऱ्याचा. मुठेला आंबी आणि मोसी या नद्या येऊन मिळतात आणि तिघींचे पाणी खडकवासल्यात जाते. त्यांतल्या आंबीवर पानशेतचे धरण आहे.

१९६१ च्या पावसाळ्यात हे मातीचे धरण पुरते बांधून झालेले नव्हते, तरीही त्यात पाणी साठू दिले गेले. पाणी सोडण्याच्या मोरीच्या दरवाज्यांचे काम अपुरे होते. अर्धवट उघड्या दरवाज्याखालून प्रचंड दाबाने पाणी धावू लागले, मोरीला हादरे बसले आणि तिच्यावरचा मातीचा भराव खचू लागला. इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. दगडी धरणावरून काही काळ पाणी वाहिले तरी ते टिकू शकते. मातीच्या धरणाचे तसे नसते. माथ्यावरून पाणी एकदा वाहू लागले की ते माती खात जाते आणि मग भगदाड थांबवता येत नाही. म्हणजे खचणारा माथा पाण्याच्या पातळीवर राखणे एवढेच काय ते हाती उरले होते.

११ जुलैची रात्र. वर मुसळधार पाऊस, खाली चिखल. लष्कराचे जवान खचणाऱ्या भरावावर मातीची पोती रचत होते. माथा खाली बसे, तशी पोत्यांची भिंत वर चढे. हे धरण वाचणार नाही, अशी शंका त्यांच्या मनात आली नसेल असे मला वाटत नाही. तरी ते हटले नाहीत.

१२ जुलैच्या सकाळी सातच्या सुमारास पानशेत फुटले. तो लोंढा खडकवासल्यावर आदळला आणि एकोणिसाव्या शतकातले ते दगडी धरणही त्याच दिवशी फुटले. नारायण, शनिवार, कसबा, सोमवार अशा नदीकाठच्या पेठा आणि पलीकडचा डेक्कन जिमखान्याचा भाग पाण्याखाली गेला. पानिपतानंतर १७६१ मध्ये नानासाहेब पेशव्यांनी बांधलेल्या लाकडी पुलाला त्या वर्षी बरोबर दोनशे वर्षे होत होती. मूळचा लाकडाचा पूल केव्हाच जाऊन तिथे दगडी पूल आला होता; तोही त्या दिवशी पाण्याखाली होता.

हेच धरण मध्यरात्री फुटले असते तर? इतिहासात 'जर-तर' जपून वापरावे, हे मान्य. तरीही हा प्रश्न टाळता येत नाही. शहराला वेळेवर इशारा मिळाला नव्हता. अशा वेळी दिवसाचा उजेड हाच लोकांचा इशारा ठरला. पाणी चढताना दिसले म्हणून माणसे उठली. वाड्यावाड्यांत शेजाऱ्याने शेजाऱ्याला हाक दिली, म्हाताऱ्यांना पाठुंगळीला घेतले, मुलांना गच्चीवर किंवा उंचावरच्या पेठांत पोहोचवले. मृतांची संख्या हजाराच्या आसपास सांगितली जाते. ती याहून कितीतरी मोठी झाली नाही, याचे श्रेय त्या पोत्यांना आणि या हाकांना आहे.

पूर ओसरला आणि दुसरेच संकट उभे राहिले. खडकवासला फुटल्याने नळ कोरडे पडले. ज्या शहरात आदल्या दिवशी पाण्याने हाहाकार केला, तिथे प्यायला पाणी नव्हते. अशा वेळी पुणेकर वाड्यांतल्या जुन्या विहिरींकडे वळले. नानासाहेबांच्या काळात कात्रजच्या तलावातून भुयारी नळाने हौदांत आणलेले पाणीही पुन्हा कामी आले. पेशवाईतली ती सोय आपण 'वारसा' म्हणून पाहायला जातो. १९६१ मध्ये लोकांनी तिच्यावर तहान भागवली. गाळ उपसणे, मेलेली जनावरे हलवणे, अन्न शिजवून वाटणे, ही कामे सरकारी यंत्रणेच्या जोडीने विद्यार्थ्यांनी आणि स्वयंसेवकांनी अंगावर घेतली. ज्यांचे घर उंचावर होते, त्यांनी निराश्रितांना दारे उघडली.

चौकशीसाठी न्या. बावडेकर यांचा आयोग नेमला गेला. काम अपुरे असतानाच त्यांनी आत्महत्या केली आणि पुढची चौकशी न्या. नाईक यांनी पूर्ण केली. आयोगापुढचा मुख्य प्रश्न धरण का फुटले आणि दोष कोणाचा, हा होता. मदतीचा इतिहास मात्र बव्हंशी घरोघरच्या आठवणींत राहिला. गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर, दत्तवाडी ही नावे आज साधे पत्ते वाटतात. त्यांतल्या अनेक वस्त्या पूरग्रस्तांच्या आहेत. त्यांच्या १०३ गृहनिर्माण सोसायट्यांच्या मालकीहक्काचा प्रश्न तर चालू शतकापर्यंत रेंगाळला. तुमच्यापैकी कुणाचे आजी-आजोबा तिथले असतील, तर त्यांच्याकडून त्या दिवसाची हकिकत आजच टिपून ठेवा.

पानशेत पुन्हा बांधले गेले. आज त्या जलाशयाला तानाजीसागर म्हणतात. मुठेवर मुळशी तालुक्यातच टेमघरचे धरण झाले. २५ जुलै २०२४ रोजी मुळशीतल्या ताम्हिणीत चोवीस तासांत ५५६ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच पहाटे खडकवासल्यातून सोडलेले पाणी सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत शिरले. तिथल्या रहिवाशांची तक्रार त्रेसष्ट वर्षांपूर्वीचीच होती: आम्हाला वेळेवर कुणी कळवले नाही.