संकरित कपाशीचे बीजोत्पादन, बालमजुरी आणि परदेशी दबाव

अविभाजित आंध्र प्रदेशातील कर्नूल आणि महबूबनगर हे जिल्हे संकरित कपाशीच्या बीजोत्पादनाचे मोठे केंद्र होते. तेथील शेतांत प्रामुख्याने लहान मुली राबत असत. 2003 पासून या प्रथेविरुद्ध युरोप व अमेरिकेतून दबाव वाढला. त्या लढ्याचा स्थानिक पाया मात्र सिकंदराबादमध्ये आधीच घातला गेला होता.

कपाशीची जगातील पहिली व्यापारी संकरित जात ‘एच-4’ ही सी. टी. पटेल यांनी 1970 मध्ये सुरत येथे विकसित केली. संकरित बियाणे दरवर्षी नव्याने तयार करावे लागते आणि ते काम हाताने होते. मादी वाणाची उमलण्याच्या बेतातली कळी संध्याकाळी हेरायची, तिच्या पाकळ्या व पुंकेसर नखाने अलगद काढायचे आणि ओळखू यावी म्हणून खूण करायची. दुसऱ्या दिवशी सकाळी नर वाणाचे फूल तोडून त्याचे पराग त्या कळीच्या कुक्षीवर फिरवायचे. कळ्या रोज नव्या येत असल्याने हा क्रम काही महिने अखंड चालतो. मजुरी हाच बीजोत्पादनातला सर्वांत मोठा खर्च ठरतो.

या खर्चात बचत करण्यासाठी शेतकऱ्यांनी मुलींना कामाला लावले. मुलींची बोटे नाजूक असतात, त्या वाकून काम करू शकतात, अशी कारणे पुढे केली जात. खरे कारण कमी मजुरीचे होते. मुलींना प्रौढ मजुरांपेक्षा कमी पैसे मिळत आणि त्यांच्याकडून जास्त तास काम करून घेता येई. हंगामापूर्वीच आईबापांना उचल दिली जाई आणि ती फिटेपर्यंत मुलगी त्याच शेताशी बांधली जाई. अनेक मुली दलित, आदिवासी आणि मागास जातींच्या घरांतल्या होत्या. कीटकनाशके फवारलेल्या पिकात त्या दिवसभर उभ्या असत.

बियाणे कंपन्या या मजुरांच्या थेट मालक नव्हत्या. कंपनी मध्यस्थ ‘ऑर्गनायझर’शी करार करी, ऑर्गनायझर शेतकऱ्यांशी आणि शेतकरी मजुरांशी. बियाण्याचा खरेदीदर मात्र कंपनीच्या हाती होता. 1986 च्या बालकामगार कायद्याने ठरावीक धोकादायक व्यवसायांतच मुलांना बंदी केली होती आणि शेतीकाम बहुतांशी त्या यादीबाहेर राहिले होते.

सिकंदराबादच्या मारेडपल्ली भागातील एम. व्ही. फाउंडेशनची स्थापना 1981 मध्ये इतिहासकार मामिडिपुडी वेंकटरंगय्या यांच्या स्मरणार्थ झाली. त्यांच्या नात शांता सिन्हा हैदराबाद विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवत. त्यांच्या नेतृत्वाखाली संस्थेने 1991 पासून रंगारेड्डी जिल्ह्यात बालमजुरीविरुद्ध काम सुरू केले. शाळेबाहेरचे प्रत्येक मूल हे बालमजूरच, आणि प्रत्येक मुलाने पूर्णवेळ शाळेतच असले पाहिजे, ही संस्थेची ठाम भूमिका होती. मुलांनी दिवसा काम करून संध्याकाळी शिकण्याची तडजोड तिला मान्य नव्हती. शाळा हुकलेल्या मुलांसाठी निवासी सेतू वर्ग भरवून त्यांना वयानुरूप इयत्तेत बसवण्याची पद्धत संस्थेने रुजवली. सिन्हा यांना 2003 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि 2007 मध्ये त्या राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या.

याच काळात जगभर व्यापार आणि कामगारहक्क यांची सांगड घालण्यावरून वाद चालू होता. जागतिक व्यापार करारांत कामगारविषयक अट घालण्यास भारताने ठाम विरोध केला. श्रीमंत देश अशी अट स्वतःच्या बाजारपेठा राखण्यासाठी वापरतील, ही त्यामागची भीती होती. जागतिक व्यापार संघटनेच्या 1996 च्या सिंगापूर परिषदेत हा विषय आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेकडेच राहिला. त्या संघटनेने 1999 मध्ये बालमजुरीच्या सर्वांत वाईट प्रकारांविरुद्ध 182 क्रमांकाचा करार संमत केला.

कपाशीच्या बियाण्याबाबत दबाव सरकारांपेक्षा कंपन्यांवर आला. हैदराबादचे संशोधक दवुलुरी वेंकटेश्वर्लू यांनी ‘इंडिया कमिटी ऑफ द नेदरलँड्स’साठी केलेला अहवाल 2003 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या अंदाजानुसार युनिलिव्हरच्या भारतीय कंपनीसाठी बियाणे पिकवणाऱ्या शेतांत सुमारे 25,000 मुले होती, तर मोन्सँटो आणि तिची भागीदार, जालन्याची महिको, यांच्यासाठी सुमारे 17,000. सिंजेंटा, अ‍ॅडव्हांटा आणि बायरच्या मालकीची प्रोअ‍ॅग्रो यांचीही नावे त्यात होती. हे आकडे युरोपात गाजले आणि भागधारकांनी व वृत्तपत्रांनी कंपन्यांना जाब विचारला.

2003 मध्येच बियाणे उद्योग आणि एम. व्ही. फाउंडेशन यांच्यात बोलणी सुरू झाली. ऑक्टोबर 2004 मध्ये जर्मन संघटनांनी बायरविरुद्ध ओईसीडी या आर्थिक सहकार्य संघटनेच्या बहुराष्ट्रीय कंपन्यांसाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांखाली तक्रार नोंदवली. ती 2007 मध्ये निकाली निघाली. सिंजेंटाने ‘फेअर लेबर असोसिएशन’ या अमेरिकी संघटनेकडून तपासणी करून घेणे स्वीकारले. मोन्सँटो आणि बायर यांनी मुले न ठेवणाऱ्या शेतकऱ्यांना जादा दर, तर नियम मोडणाऱ्यांना दरकपात व शेवटी करार रद्द, अशी पद्धत आणली.

मूळ प्रश्न दराचा होता. प्रौढांना रीतसर मजुरी देऊन परवडेल असा भाव शेतकऱ्याला मिळत नसेल, तर नुसत्या तपासणीने शेतात मुले येणे थांबणार नाही, हा मुद्दा 2005 च्या ‘द प्राइस ऑफ चाइल्डहुड’ या अहवालात सविस्तर मांडला गेला. जेथे जादा दर, नियमित पाहणी आणि गावातली शाळा ही तिन्ही एकत्र आली, तेथे मुलांची संख्या घटली. ज्या कंपन्यांवर परदेशातून लक्ष नव्हते, त्यांच्या शेतांत बदल संथ झाला. अमेरिकेच्या कामगार खात्याने 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या, बालमजुरीने वा वेठबिगारीने तयार होणाऱ्या वस्तूंच्या पहिल्या यादीत भारतातील संकरित कपाशीचे बियाणे बालमजुरी आणि वेठबिगारी या दोन्हींखाली नोंदले गेले. 2015 च्या ‘कॉटन्स फरगॉटन चिल्ड्रन’ या अहवालाने देशभर या कामात 14 वर्षांखालील सुमारे 2 लाख मुले असल्याचा अंदाज दिला.

देशातील कायदाही टप्प्याटप्प्याने पुढे गेला. शिक्षणहक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. 2016 च्या दुरुस्तीने 14 वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास सर्वत्र बंदी आली, मात्र शाळेच्या वेळेबाहेर घरच्या व्यवसायात मदत करण्याची सवलत राहिली. जून 2017 मध्ये भारताने आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा किमान वयाविषयीचा 138 क्रमांकाचा करार आणि 182 क्रमांकाचा करार या दोन्हींना मान्यता दिली.

परदेशी दबावाने कंपन्यांना जबाबदारी मान्य करायला लावली, हे त्याचे मोठे यश. मुलींना शेतातून शाळेत नेण्याचे काम मात्र गावोगावच्या कार्यकर्त्यांनी, शिक्षकांनी आणि पालकांनीच केले.