म्युनिकच्या टॅक्सी आणि स्वीडनमधील एक वळण

मोटारीच्या सुरक्षिततेचा इतिहास बहुधा शोधांची यादी म्हणून सांगितला जातो. अमुक साली अमुक उपकरण आले आणि अपघात घटले, अशी त्याची सरळ मांडणी असते. परंतु दोन जर्मन उपकरणांची हकीकत शेजारी ठेवली, तर हा इतिहास यंत्राइतकाच मनुष्यस्वभावाचाही आहे, हे ध्यानात येते.

पहिले उपकरण ‘एबीएस’. ब्रेक जोराने दाबला की चाके जखडतात, गाडी घसरत जाते आणि स्टिअरिंग फिरवूनही वळत नाही. बॉश कंपनीच्या या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेत चाक जखडण्याच्या बेतात आले की ब्रेकचा दाब क्षणभर सैल होतो व पुन्हा वाढतो. १९७८ साली मर्सिडीझच्या एस-क्लास गाडीत ती प्रथम आली. पुढे म्युनिकमध्ये एका ताफ्यातील एबीएस असलेल्या व नसलेल्या टॅक्सींची तुलना झाली. अपघातांच्या संख्येत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही! एबीएस असलेल्या गाड्यांचे चालक वळणे अधिक झपाट्याने घेत होते. नव्या ब्रेकने दिलेली सुरक्षितता त्यांनी धिटाईत खर्चून टाकली होती.

दुसरे उपकरण ‘ईएसपी’. बॉशमधील अभियंता अँटन फान झांटेन यांच्या नेतृत्वाखाली ते सिद्ध झाले आणि १९९५ मध्ये बाजारात आले. स्टिअरिंगची दिशा आणि गाडीचे प्रत्यक्ष वळणे यांत तफावत पडली की ही यंत्रणा एकेका चाकाला स्वतंत्रपणे ब्रेक लावून गाडी सावरते. प्रारंभी ती महागड्या गाड्यांपुरतीच होती. ऑक्टोबर १९९७ मध्ये मात्र चित्र पालटले. रस्त्यावर अकस्मात एल्क, म्हणजे सांबराच्या जातीचे धिप्पाड जनावर, आडवे आल्यास गाडी कशी चुकवेल, याची परीक्षा एका स्वीडिश नियतकालिकाने घेतली आणि मर्सिडीझची नवी, लहान ए-क्लास गाडी उलटली. कंपनीने विक्री थांबवली व त्या प्रत्येक गाडीत ईएसपी बसविले.

याचा परिणाम मात्र टिकला. अन्य वाहनाशी टक्कर न होता घडणारे प्राणघातक अपघात या यंत्रणेमुळे सुमारे निम्म्याने घटतात, असे अमेरिकेतील अभ्यासांत दिसून आले. अमेरिकेने २०१२ च्या मॉडेलपासून आणि युरोपीय संघाने २०१४ पासून ती नव्या मोटारींना सक्तीची केली.

असा भेद का पडावा? दोन्ही यंत्रणांचे काम वेगळे, हे एक कारण आहेच. दुसरे असे की, ब्रेक चालकाच्या रोजच्या अनुभवातला. त्याचा भरवसा चटकन अंगवळणी पडतो. ईएसपी क्वचितच जागे होते आणि आपल्या गाडीत ते आहे, याचे भानही अनेकांना नसते. जे संरक्षण ठाऊकच नाही, ते उधळता येत नाही.

भारतातही एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे आहे. आता रडारने अंतर राखणाऱ्या, मार्गिका सांभाळणाऱ्या गाड्या आल्या आहेत आणि त्यांची सोबत चालकाला पदोपदी जाणवते. अशा वेळी म्युनिकच्या त्या टॅक्सी स्मरणात ठेवाव्यात, हे बरे.