भोंग्यातली शाळा

आजचा एपिसोड वलगावच्या पुलावरून सुरू करूया. अमरावतीहून परतवाड्याकडे निघालं की पेढी नदी लागते. २० डिसेंबर १९५६ ला गाडगेबाबांनी इथेच, प्रवासात, गाडीत शेवटचा श्वास घेतला. बाबा स्वतः शाळेत गेले नव्हते. सावकारी कर्ज काय करतं, ते त्यांनी लहानपणी मामाच्या घरी पाहिलं होतं. म्हणून कीर्तनात ते बजावायचे, की ताटं मोडा, हातावर भाकरी खा, पण पोराला शाळेत घाला.

याच रस्त्याने मेळघाटातली कोरकू कुटुंबं कामासाठी खाली उतरतात. सोबत पोरंही असतात. आता प्रश्न असा, की बाबांचं ऐकायचं ठरवलं तरी हे पोर कुठल्या शाळेत घालायचं? गावची शाळा मागे राहिली आणि कामाच्या ठिकाणी पटावर नाव नाही.

या प्रश्नाचं एक उत्तर वलगावपासून लांब, ठाणे जिल्ह्यातल्या वीटभट्ट्यांवर सापडलं. तिथला हिशोब आधी समजून घ्या. पावसाळ्यात घरात दाणा नसतो, तेव्हा मालक बयाणा देतो, म्हणजे आगाऊ रक्कम. दिवाळीनंतर अख्खं कुटुंब भट्टीवर जातं. मजुरी हजार विटांमागे ठरते. आठवड्याला मिळते ती फक्त खर्ची. शेवटी हिशोबात पैसे फिटले नाहीत, तर पुढच्या वर्षी पुन्हा तीच भट्टी. विटा जास्त पडाव्यात म्हणून पोरंही हात लावतात. बाप बांधला गेला की पोरगंही बांधलं जातं, ते असं.

वेठबिगारी बंद करणारा अध्यादेश ऑक्टोबर १९७५ मध्ये निघाला, १९७६ मध्ये कायदा झाला. कागदावर ही कर्जं रद्द झाली. पण कायदा आपोआप भट्टीवर पोचत नाही. विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या विधायक संसद आणि श्रमजीवी संघटनेने वसई भागात वेठबिगार सोडवायला सुरुवात केली. तेव्हा लक्षात आलं, की आईबाप सुटले तरी पोरं निरक्षर राहिली, तर अंगठा पुन्हा त्याच वहीवर उमटणार. म्हणून १९९० च्या दशकात भट्टीवरच शाळा निघाली. भट्टीवरच्या झोपडीला भोंगा म्हणतात, म्हणून ती ‘भोंगा शाळा’. शाळेची झोपडीही तशीच, मजुरांच्या घरांशेजारी.

मी सॉफ्टवेअरवाला माणूस. मला यात एक साधी गोष्ट दिसते. आपली शाळेची सिस्टीम मूल एका जागी राहतं असं गृहीत धरून बनली. शाळा जूनला सुरू होते आणि पोर दिवाळीनंतर गायब होतं. मग हजेरीपटावर ‘गैरहजर’ पोराच्या नावापुढे लागतं. भोंगा शाळेने ते गृहीतकच बदललं.

१ एप्रिल २०१० पासून शिक्षणहक्क कायदा लागू झाला. त्यानुसार मूल दुसरीकडे गेलं, तर दाखला उशिरा आला म्हणून शाळेला प्रवेश नाकारता येत नाही आणि त्याला वयाप्रमाणे वर्ग मिळायला हवा. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी साखरशाळा निघाल्या, गावातच हंगामी वसतिगृहं आली. हे सगळं आहे; पण दरवर्षी कुणीतरी भट्टीवर जाऊन पोरं मोजली, तरच ते चालतं.

तर मंडळी, दिवाळीनंतर तुमच्या गावाबाहेर भट्टी पेटलेली दिसली, तर थांबा. शाळेच्या वयाची पोरं किती आहेत ते बघा आणि जवळच्या जिल्हा परिषद शाळेच्या गुरुजींना सांगा. वलगावच्या पुलावरून जाताना मला तरी बाबांची आठवण काढायची हीच रीत बरी वाटते. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!