बाबांची बिअर आणि एक जून

आमच्या बाबांचा वाढदिवस १ जूनला असतो. म्हणजे कागदोपत्री. तुमच्यापैकी ज्यांचे वडील किंवा काका चाळीस-पन्नासच्या दशकात महाराष्ट्रातल्या एखाद्या खेड्यात जन्मले असतील, त्यांना पुढचं सांगायलाच नको. शाळेत नाव घालायला मूल नेलं की गुरुजी विचारायचे, जन्म कधीचा? आजोबा डोकं खाजवायचे. गुरुजी मुलाकडे एकदा बघायचे, वय बसेल असं साल धरायचे आणि लिहून टाकायचे, एक जून. शाळा जूनमध्ये सुरू होते ना, मग हिशेब सोपा. आमच्या एका गल्लीत सात जणांचा वाढदिवस एकाच दिवशी आहे.

गेल्या वर्षी, २०२५ साली, बाबांचं सहस्रचंद्रदर्शन करायचं ठरलं आणि तारखेवरून घरात वाद सुरू झाला. त्याचं सांगतोच. पण त्या वादात मला एकदम आठवली ती अकरा वर्षांपूर्वीची एक न मिळालेली बिअर. आजची ही नोंद तिच्याबद्दल आहे.

२०१४ साली मी न्यू जर्सीत होतो आणि आई-बाबा पहिल्यांदाच अमेरिकेत आले होते. फ्लोरिडा दाखवायला नेलं. १ जून, रविवार. कागदोपत्री का होईना, बाबांना सत्तर पूर्ण झाली होती. एका थीम पार्कात (नाव कशाला घ्या) दुपारभर उन्हात हिंडून आम्ही बिअरच्या काउंटरपाशी पोचलो. बाबा वर्षातून दोन-तीनदा बिअर घेतात, तीही आईकडे न बघता. त्या दिवशी आईच म्हणाली, "घ्या आज, सत्तरीचे झालात."

काउंटरवरच्या मुलीनं माझं लायसन्स बघितलं आणि बाबांकडे हात केला. बाबांचा पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत. मीच ठेवायला लावला होता, हरवला तर कुठे निस्तरत बसायचं म्हणून. बाबांनी शांतपणे पाकीट काढलं. आधी भारतातलं ड्रायव्हिंग लायसन्स दाखवलं, मग पॅन कार्ड, आणि शेवटी तहसील कार्यालयातून मिळालेलं ज्येष्ठ नागरिकाचं ओळखपत्र. हे कार्ड दाखवलं की तेव्हा साताऱ्याहून मुंबईला एसटी अर्ध्या तिकिटात आणायची, तिथे अख्खं महाराष्ट्र राज्य बाबांना म्हातारं मानायचं. ती मुलगी फार सभ्यपणे हसली आणि नाही म्हणाली. पासपोर्ट लागेल.

मी भडकलो. म्हटलं, अहो यांचे केस बघा! बाबांनी माझा दंड धरून मला बाजूला घेतलं. मी माझ्या नावावर एक ग्लास घेतला आणि त्यांच्यापुढे केला. ते म्हणाले, "चोरून प्यायला मी काय कॉलेजात आहे?" आणि लिंबू सरबत घेऊन बाकावर जाऊन बसले. ती बिअर मीही प्यालो नाही.

त्या रात्री हॉटेलवर मी हा कायदा आहे तरी काय ते शोधायला बसलो. रागानं शोधायला लागलो होतो, पण त्यातून जे निघालं ते रागापेक्षा रंजक होतं.

अमेरिकेत १९२० ते १९३३ संपूर्ण दारूबंदी होती हे आपल्याला सिनेमांमुळे ठाऊक असतं. ती उठली तेव्हा दारूचे नियम करायचा अधिकार राज्यांकडे गेला. कुठे वयाची अट २१, कुठे कमी. मग १९७१ साली मतदानाचं वय २१ वरून १८ झालं. ज्या पोराला व्हिएतनामला लढायला पाठवता आणि मत द्यायला बोलावता, त्याला बिअर का नाही, असा तेव्हाचा सवाल होता. बऱ्याच राज्यांनी वय खाली आणलं. फ्लोरिडानंही १९७३ साली १८ केलं.

पण त्यानंतर तरुणांचे दारू पिऊन गाडी चालवण्यातले अपघात हा मोठा प्रश्न झाला. १९८० साली कॅलिफोर्नियात कँडी लाइटनर या बाईंची तेरा वर्षांची मुलगी एका दारू प्यायलेल्या चालकाच्या गाडीखाली गेली. त्यांनी अशा आयांची संघटना उभारली. त्या रेट्याचा मोठा वाटा होता म्हणूनच १७ जुलै १९८४ रोजी अध्यक्ष रेगन यांनी एका कायद्यावर सही केली. गंमत अशी की केंद्र सरकारनं राज्यांना थेट हुकूम केला नाही. फक्त एवढंच सांगितलं, की तुमच्याकडे २१ वर्षांखालच्यांना दारू विकत घेता येत असेल तर महामार्गांसाठीच्या निधीत कपात होईल, पुढे ती १० टक्क्यांपर्यंत. साउथ डकोटा राज्य याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९८७ साली ७ विरुद्ध २ मतांनी हरलं. फ्लोरिडानं १९८५ सालीच मान तुकवली होती. १९८८ पर्यंत सगळी राज्यं २१ वर आली. रस्त्याच्या डांबराच्या पैशानं बिअरचं वय ठरवलं, असा हा मामला.

आता ओळखपत्राचं. फ्लोरिडाच्या कायद्यात अल्पवयीनाला दारू विकली तर विकणाऱ्यावर गुन्हा दाखल होतो. ६० दिवसांपर्यंत कैद किंवा ५०० डॉलरपर्यंत दंड. काउंटरवरच्या त्या मुलीवर, तिच्या मालकावर नुसता नाही. तिला बचाव करायचा असेल तर दाखवावं लागतं की मी ओळखपत्र नीट तपासलं होतं. कोणतं ओळखपत्र, याची यादी कायद्यातच आहे. तिथली ड्रायव्हिंग लायसन्स आणि ओळखपत्रं, अमेरिकी सैन्यदलाचं कार्ड आणि पासपोर्ट. संपली यादी. अमेरिकेत आपल्या आधारसारखं राष्ट्रीय ओळखपत्र नाही, त्यामुळे तिथल्या माणसाची ओळख म्हणजे त्याचं लायसन्स. आणि परदेशी पाहुण्याची ओळख म्हणजे पासपोर्ट. आपल्या तहसीलदाराची सही कितीही ठसठशीत असली, तरी ती त्या मुलीला साठ दिवसांपासून वाचवू शकली नसती. हे वाचल्यावर माझा राग निम्मा उतरला.

पण सत्तरीच्या माणसाला कशाला विचारायचं? तर अंदाज बांधायची जबाबदारीच नको म्हणून. "दिसायला तरुण" म्हणजे किती, यावर भांडणं होतात. सरसकट सगळ्यांना विचारलं की भांडण मिटलं. टेनेसी राज्यानं तर २००७ साली कायदाच केला की दुकानातून बिअर नेणाऱ्या प्रत्येकाचं ओळखपत्र बघायचं, मग तो पणजोबा का असेना.

थीम पार्क आणि दारू यांचं नातंही मजेशीर आहे. कोपनहेगनचं टिवोली १८४३ पासून चालू आहे आणि तिथे बिअरचं कुणाला काही वाटत नाही. वॉल्ट डिस्नेचं मत मात्र वेगळं होतं. दारू आली की हुल्लड येते, म्हणून १९५५ साली उघडलेल्या त्याच्या डिस्नेलँडमध्ये सर्वसामान्य पाहुण्यांना दारू मिळत नसे. १९६७ पासून तिथल्या एका खासगी क्लबात ती होती, पण सगळ्यांना मिळायला २०१९ साल उजाडलं. फ्लोरिडातलं मॅजिक किंगडम १९७१ सालचं. तिथे पहिली वाइन ओतली गेली २०१२ साली, तीही एका उपाहारगृहात आणि फक्त रात्रीच्या जेवणाबरोबर. पॅरिसजवळचं पार्क १९९२ साली उघडलं तेव्हा तिथेही दारू नव्हती. फ्रेंच माणसाला जेवणाबरोबर वाइन नाही म्हणजे आपल्याला पुरणपोळीवर तूप नाही म्हटल्यासारखं! वर्षभरात, १९९३ साली, नियम बदलावा लागला.

याच्या अगदी उलटं टोक म्हणजे फ्लोरिडातल्याच टँपाचं बुश गार्डन्स. ते १९५९ साली चक्क एका बिअर कंपनीनं आपल्या कारखान्याशेजारी बाग म्हणून सुरू केलं. अनेक वर्षं तिथे पाहुण्यांना बिअर फुकट मिळायची. कंपनी विकली गेल्यावर २००९ साली ती प्रथा बंद पडली.

आणि एपकॉट. १९८२ साली उघडलेल्या या पार्कात देशोदेशींचे विभाग आहेत, सुरुवातीला नऊ होते, १९८८ पर्यंत अकरा झाले. जर्मनीत बिअर, फ्रान्समध्ये वाइन, जपानमध्ये साके. तिथे त्या त्या देशांतली तरुण मुलं काम करतात. १९९० च्या कायद्यानं अशा सांस्कृतिक देवाणघेवाणीसाठी वेगळा व्हिसाच काढला. आता गंमत बघा. जर्मनीत सोळाव्या वर्षी बिअर विकत घेता येते. तोच मुलगा एकोणिसाव्या वर्षी फ्लोरिडातल्या नकली जर्मनीत आला, तर तो बिअर विकू शकतो, कारण तिथे विकायला अठरा वर्षं पुरतात. पण स्वतः घोटभर घेऊ शकत नाही.

हे सगळं मी रात्री बाबांना वाचून दाखवलं. ते गालातल्या गालात हसत होते. म्हणाले, "आमच्या मुंबईत याच्या उलट होतं."

१९५० साली मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी आली. मोरारजी देसाईंचा काळ. कायदा १९४९ चा. पण परमिट नावाची एक खिडकी उघडी ठेवलेली होती. परदेशी पाहुण्याला पासपोर्टाच्या जोरावर परमिट मिळे. इथल्या माणसाला मात्र त्यासाठी डॉक्टरचा दाखला लागे, की याची प्रकृती दारूवाचून बिघडते. बाबांचे काका गिरगावात राहायचे. त्यांच्याकडे असं परमिट होतं आणि महिन्याला किती युनिटं मिळणार ते त्यात नोंदलेलं असायचं. ठणठणीत माणूस, पण सरकारदरबारी आजारी! साठच्या दशकात नियम सैल होत गेले, पण "परमिट रूम" ही पाटी आपल्याकडे आजही जागोजागी आहे. किती जणांच्या खिशात परमिट असतं ते सोडून द्या. म्हणजे एके काळच्या मुंबईत पासपोर्टवाला सुखी आणि घरचा माणूस दाखले गोळा करतोय, आणि फ्लोरिडात घरचा माणूस सुखी आणि पाहुणा पासपोर्ट शोधतोय.

मुळात पासपोर्टसुद्धा काही अनादि काळापासून नव्हता. पहिल्या महायुद्धाआधी पश्चिम युरोपात बऱ्याच ठिकाणी लोक त्याच्याशिवाय फिरत. युद्धात संशय वाढला आणि तात्पुरती म्हणून आलेली वही कायमची झाली. १९२० साली राष्ट्रसंघाच्या पॅरिसच्या परिषदेत तिचा नमुना ठरला. ज्या वहीवाचून बाबा त्या दिवशी कुणीच नव्हते, ती वही अशी जेमतेम शंभर वर्षांची.

दुसऱ्या दिवशी बाबा स्वतःच म्हणाले, चल परत. शर्टाच्या वरच्या खिशात पासपोर्ट, वरून सेफ्टी पिन. तीच मुलगी होती. तिनं पासपोर्ट उघडला, जन्मतारीख वाचली, ०१/०६/१९४४. अमेरिकेत महिना आधी लिहितात. ती कौतुकानं म्हणाली, सहा जानेवारी, माझ्या आईचाही वाढदिवस त्याच दिवशी! मी तोंड उघडणार तेवढ्यात बाबांनी माझ्या पायावर पाय दिला. तिला म्हणाले, "थँक यू, थँक यू." बिअर मिळाली.

बाकावर बसल्यावर म्हणाले, "गुरुजींनी एक तारीख दिली, हिनं दुसरी. खरी आईला माहीत होती."

आजी सांगायची, बाबा झाले ते गोदीत स्फोट झाला त्या साली, पोळ्याच्या आदल्या दिवशी. बैलांना आंघोळ घालायची तयारी चालली होती आणि हिला कळा सुरू झाल्या. मुंबई गोदीतला स्फोट १४ एप्रिल १९४४ चा, म्हणजे साल गुरुजींनी बरोबर धरलं होतं. पंचांगाच्या हिशेबानं त्या वर्षीचा पोळा येतो ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात. पण ही तारीख कुठल्याच दाखल्यावर नाही. तिला साक्षीदार एकच होती आणि ती १९८७ साली गेली.

तर गेल्या वर्षीचा वाद असा. दादाचं म्हणणं, कागदावरची तारीख धरा, आमंत्रणपत्रिकेवर तीच शोभेल, पेन्शनपासून पासपोर्टापर्यंत सगळीकडे तीच आहे. ताईचं म्हणणं, हजार चंद्र काय तहसील कार्यालय मोजतं का? दोन्ही हिशेबांत अडीच महिन्यांचा फरक. शेवटी बाबांनाच विचारलं. ते म्हणाले, "जगाला दाखवायला एक जून ठेवा. त्यात माझं काही बिघडलं नाही, नोकरी झाली, अमेरिका झाली, बिअरसुद्धा मिळाली. पण हे घरातलं आहे. इथे आईचं धरा."

म्हणून कार्यक्रम आजीच्या तारखेनं झाला. ओवाळताना ताईनं बाबांच्या शेजारी आजीचा फोटो ठेवला होता. कुणी ओळखपत्र मागितलं नाही.

असो. परदेशी जाणाऱ्यांना एवढंच सांगणं, पासपोर्ट जवळ ठेवा, सेफ्टी पिन लावून. आणि घरात कुणी ऐंशीच्या पुढचं असेल, तर त्यांची खरी तारीख आजच विचारून कुठेतरी लिहून ठेवा. ती कुठल्या काउंटरवर चालणार नाही. तरीही.